वैतींचा नंबर

बॅलार्ड इस्टेटला, तिसऱ्या मजल्यावर,
झेरॉक्स मशीनच्या मागे जी काचेची खोली आहे
तिथे मी बसते. स्वेटर घालून.
बाहेर मे असो की काही, सर्व्हरला गारवा लागतो,
म्हणजे मलाही.

सकाळी पहिलं काम नावांचं.
प्रेरणा मॅडमचा मेल येतो, कोण आलं, कोण गेलं.
आलेल्याला मी एक नाव देते, तात्पुरता पासवर्ड देते,
मग गटात टाकते. कस्टम्स, अकाउंट्स, गोदी.
गोदी गटातलं आता कुणीच गोदीवर जात नाही,
पण नाव बदलायचं तर चाळीस फोल्डरांची दारं तपासा,
त्यापेक्षा राहू दे.

परवानगी माणसाला देऊ नये, गटाला द्यावी,
माणसाला नुसतं गटात बसवावं.
मी हे पाळते. तरी दिवाळीआधी कुणीतरी येतंच,
चहाचा कप माझ्या टेबलावर टेकवून,
“मॅडम, फक्त मला, फक्त आठवडाभर.”
ती आठवडाभराची परवानगी मग हलत नाही,
पागडीच्या खोलीसारखी.

होकार आणि नकार एकत्र आले तर नकार जिंकतो,
असा नियम आहे.
काझी म्हणाला, आमच्या घरीपण.

पगाराचं फोल्डर मला उघडता येतं.
कधी उघडलेलं नाही. हे सांगून कुणाला पटत नाही.
मी पँट्रीत शिरले की मेहेरबाई
अजूनही बोनसवरून भेंडीच्या भावावर येतात.

मार्चच्या ऑडिटसाठी यादी काढत होते,
कुठल्या फोल्डरवर कोणाचा हक्क.
‘डिलिव्हरी ऑर्डर जुन्या’. नाव, नाव, नाव,
आणि मधेच एक लांबलचक आकडा,
शेवटी ११४७.
खातं पुसलं की असं होतं. नाव जातं,
आणि जिथे जिथे त्याला आत घेतलं होतं
तिथे आकडा बसून राहतो.
यंत्र त्यापुढे प्रश्नचिन्हाचं डोकं काढतं.

मी फोल्डर उघडलं. आत फाइली:
‘पाहून घ्या’, ‘पाहून घ्या २’,
‘पाहून घ्या शेवटचं’, ‘खरंच शेवटचं’.

दिगंबर वैती. वरळी कोळीवाडा.
पासवर्ड म्हणजे भावाच्या होडीचं नाव आणि पुढे चालू वर्ष,
तोही मला सांगायचे अख्ख्या सेक्शनला ऐकू जाईल असा.
मी ओरडायचे. ते म्हणायचे,
“चोर येऊन काय नेणार गं, बिल ऑफ लेडिंग?”

करोनाच्या दुसऱ्या वर्षी ते खातं मीच पुसलं.
घरून, ओट्यावर लॅपटॉप, बाजूला कुकर.
आधी बंद करावं, नव्वद दिवस थांबावं, मग पुसावं,
हा माझाच नियम, माझ्याच अक्षरात भिंतीवर.
त्या आठवड्यात अशी चार खाती होती.
मी थांबले नाही.
यादीत ती नावं रोज दिसत होती.

तेच नाव देऊन नवं खातं उघडलं
तरी तो आकडा परत मिळत नाही.
हेही भिंतीवर लावायला हवं होतं.

ऑडिटचा पोरगा मागे येऊन उभा राहिला, चिराग,
गळ्यात दोन ओळखपत्रं.
“हे ऑर्फन आहेत ना? काढून टाका.
रिपोर्टमध्ये लाल दिसतात.”
काढले. त्याच्यासमोर, एकोणीस.
विसाव्याला मी अपवादाचा फॉर्म उघडला.
कारण: कामकाजासाठी आवश्यक.
मंजुरी: माझंच नाव.
मुदत: पुढचा मार्च.
त्याने वाचलं, पेन कानामागे ठेवलं,
काही बोलला नाही.

पाच वाजता काझी. पासवर्ड विसरला होता, पुन्हा.
नवा दिला. म्हटलं, तात्पुरता आहे,
आत गेलास की लगेच बदल.
आणि हे बघ,
मोठ्याने सांगत बसू नकोस कुणाला.